व्यासांचे हात किती?

बेहाल्यात राहतो असं पुण्याला फोनवर सांगितलं, की पलीकडून एक विनोद हमखास येतो. बेहाल मी नाही, डायमंड हार्बर रोडवरची वाहतूक आहे, हे माझं उत्तरही आता पाठ झालंय. या भागात मी भाड्याने राहतो, त्या घराच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली माशीमा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या सासऱ्यांच्या काळची एक जाडजूड पोथी देवघराशेजारच्या फडताळात आहे. पाठीचा पुठ्ठा सुटलाय, पानांच्या कडा तपकिरी झाल्यात. काशीदासी महाभारत. मराठी घरात जो मान पांडवप्रतापाला, तो बंगाली घरात याला.

पहिल्या पानावर रचनाकार म्हणून एकट्या काशीराम दासांचं नाव. माशीमा मात्र सहज म्हणाल्या, ‘सगळं त्यांचं नाही हो. आदि, सभा, वन आणि विराटाचा थोडा भाग झाला, तेवढ्यात ते स्वर्गाला गेले. उरलेलं पुतण्याने आणि आणखी कोणी कोणी पुरं केलं.’ पुतण्याचं नाव नंदराम, असं परंपरा सांगते. गंमत म्हणजे पुढच्या पर्वांतही अध्यायाच्या शेवटी नाममुद्रा बहुतेक काशीरामांचीच. मग हे पुस्तक कोणाचं म्हणायचं? ‘काशीदासी,’ माशीमा म्हणाल्या. काहीतरी खुळ्यासारखं विचारलं की माणसं ज्या सुरात उत्तर देतात, त्या सुरात.

आपल्याकडे तरी निराळं काय आहे? काशीरामांच्याच १७व्या शतकातल्या मुक्तेश्वरांची, म्हणजे एकनाथांच्या नातवाची, महाभारतातली पाच पर्वं आज हाती आहेत: आदि, सभा, वन, विराट आणि सौप्तिक. काशीरामांच्या यादीशी पहिली चार नावं तंतोतंत जुळतात. त्याआधी विष्णुदास नामा यांनी ओवीबद्ध महाभारत रचलं, पण नावातला ‘नामा’ त्यांना भोवला. त्यांचे अभंग नामदेवांच्या गाथेत मिसळले आणि ते निवडून वेगळे काढण्यात अभ्यासकांच्या पिढ्या गेल्या. नाममुद्रा हा आपल्या परंपरेत मालकीहक्काचा दस्तऐवज नव्हे. ती कुळाची खूण असते.

हे झालं भाषांतरांचं. मूळ महाभारताकडे गेलं की हाच प्रश्न शंभर पटींनी मोठा होतो, आणि त्याला जगात खरं जुळं भावंड एकच आहे: ज्यू लोकांचा तोरा. मराठी बायबलमध्ये आरंभी येणारे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद हे पाच ग्रंथ. योगायोग असा, की हुगळीच्या काठाने वर गेलं की लागणाऱ्या श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात १९व्या शतकाच्या आरंभी काशीदासी महाभारतही छापलं गेलं आणि मोशेच्या पंचग्रंथाचं मराठी भाषांतरही. भाषांतरावर नाव विल्यम केरींचं. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठी शिकवत आणि त्यांच्या पदरी वैजनाथ पंडित होते. त्या मराठीतलं केरींचं किती आणि पंडितांचं किती, हा पुन्हा तोच प्रश्न.

आधी तोराचं पाहू, कारण ‘ग्रंथ कोणी लिहिला’ हे विचारायची आधुनिक रीत तिथे घडली आणि मग आपल्याकडे आली. परंपरा सांगते की पाचही ग्रंथ मोशेचे. पण पाचव्या ग्रंथाच्या शेवटी मोशेच्या मृत्यूचं आणि दफनाचं वर्णन आहे. ते त्याने कसं लिहिलं? तल्मूदकारांनाही हे टोचलं होतं. शेवटची आठ वचनं यहोशवाने लिहिली, असं उत्तर त्यांनी एका ठिकाणी देऊन ठेवलंय. १२व्या शतकात स्पेनच्या इब्न एझ्राने अशा आणखी काही जागा आडून दाखवल्या. ‘त्या वेळी त्या देशात कनानी राहत होते’ अशा अर्थाचं वाक्य कनानी तिथून गेल्यानंतरचाच माणूस लिहील, एवढं सुचवून तो गप्प बसला. १६७० साली स्पिनोझा गप्प बसला नाही. हे मोशेचं नव्हे, फार पुढच्या एज्राच्या हातचं असावं, असं त्याने उघड मांडलं. पुस्तकावर स्वतःचं नाव मात्र घातलं नाही. १७५३ साली फ्रान्सच्या राजाचा वैद्य झाँ आस्त्रुक याने उत्पत्तीच्या ग्रंथात देवाला कुठे एलोहिम तर कुठे यहोवा म्हटलंय, यावरून दोन जुनी टिपणं वेगळी करून दाखवली. त्याचंही पुस्तक निनावी. ग्रंथाचा कर्ता शोधायला निघालेल्यांनी स्वतःचं कर्तेपण लपवावं, ही या विषयातली माझी आवडती विसंगती.

पुढे जर्मनीत या टिपणांचा पुरा संसार झाला. १८०५ साली डी वेटेने सांगितलं, की ‘अनुवाद’ हा ग्रंथ योशीया राजाच्या काळचा. इ. स. पू. ६२२च्या सुमारास यरुशलेमच्या मंदिरात ‘सापडला’ म्हणतात तोच हा, आणि त्याआधी फार काळ तो नव्हताच. १८७८मध्ये युलियस वेलहाउझेनने चार धाग्यांचं चित्र पक्कं केलं: ‘जे’ यहोवा म्हणणारा, ‘ई’ एलोहिम म्हणणारा, ‘डी’ ‘अनुवादा’चा आणि ‘पी’ पुरोहितांचा. त्याच्या युक्तिवादाचा गाभा देवाच्या नावात नव्हता, यज्ञवेदीत होता. एका थरात वेदी कुठेही बांधायची मुभा आहे. दुसऱ्या थरात ती एकाच ठिकाणी हवी, असं तावातावाने बजावलंय. तिसऱ्या थरात ती एकाच ठिकाणी असणार हे इतकं गृहीत आहे, की कोणी त्यावर वादही घालत नाही. भांडणाच्या आधीचा, भांडणातला आणि भांडण मिटल्यानंतरचा असे तीन काळ. ही मांडणी आजही मला वाचायला आवडते. एखाद्या चांगल्या वकिलाचा युक्तिवाद ऐकावा तशी.

ती शंभरेक वर्षं टिकली. इटलीतल्या कासुतोंसारखे विरोधक होते, पण मुख्य प्रवाहाने त्यांना फारसं ऐकलं नाही. १९७०च्या दशकात व्हॅन सीटर्स आणि रेन्डटॉर्फ यांनी खांबच हलवले. ‘जे’ला एकाने पार ज्यूंच्या बाबिलोनमधल्या हद्दपारीच्या काळापर्यंत खाली आणलं, दुसऱ्याने सलग धाग्यांची कल्पनाच नाकारली. आज युरोपातले बरेचजण ‘पुरोहितांचं’ आणि ‘बाकीचं’ एवढीच विभागणी खात्रीची मानतात. इस्रायल-अमेरिकेतला श्वार्ट्झ, बेडन यांचा गट मात्र चार दस्तऐवजांवर नव्याने ठाम आहे. सहमती एकाच गोष्टीवर आहे: हात अनेक होते.

आता महाभारत. दोन्ही ग्रंथांत एक मोठा फरक आहे, आणि माझ्या मते बाकीचं सगळं त्यातून निघतं. तोराच्या मध्ययुगीन हिब्रू प्रती जवळजवळ अक्षरशः सारख्या. नकलाकारांनी अक्षरं मोजून नकला केल्या. त्यामुळे वेलहाउझेनपाशी सांधे शोधायला बाहेरचा पुरावा जवळपास नव्हता. शोमरोनी पाठ आणि ग्रीक भाषांतर होतं, पण त्यांतही ग्रंथाची घडण तीच. त्याला एकाच घट्ट विणीच्या कापडात डोळे घालून बसावं लागलं. महाभारताचं उलट. काश्मीरची शारदा पोथी, मलबारची मल्याळम पोथी, बंगाली, मैथिली, नेवारी, तेलुगू, ग्रंथ लिपीतली: दोन पोथ्या सारख्या नाहीत. इथे सांधे ताडपत्रावर उघडे पडलेत. तोराच्या अभ्यासकाला ‘इथे जोड असावा’ असं म्हणावं लागतं, महाभारताच्या अभ्यासकाला तो बोटाने दाखवता येतो. तरीही पहिली शंभर वर्षं महाभारताचा अभ्यास तोराच्या पद्धतीनेच झाला, हे आश्चर्य.

कारण साधं होतं. युरोपच्या हातात पोथ्या नव्हत्या, छापील पुस्तक होतं. पहिलं संपूर्ण छापील महाभारत १८३४ ते १८३९मध्ये कलकत्त्यातच निघालं, ते एशियाटिक सोसायटीने पुरं केलं. दुसरं नीलकंठी टीकेसह मुंबईत १८६२-६३ला. हे नीलकंठ चतुर्धर मूळचे गोदाकाठच्या कोपरगावचे, काशीत बसून १७व्या शतकात देशोदेशीच्या पोथ्या जमवणारे. त्यांचं धोरण उदार होतं; जिथे जे चांगलं दिसेल ते घ्यावं. या दोन छापील प्रतींवर जर्मन पंडित तुटून पडले. लासेनने थर पाहिले. धाकट्या होल्ट्झमनने तर असं म्हटलं, की मूळ काव्यात नायक कौरव होते, पुढे कोणीतरी ते उलटं केलं. पटो न पटो, त्याने बोट ठेवलेल्या जागा खऱ्या आहेत: द्रोण, कर्ण, दुर्योधन हे सगळे कपटाने पडतात, आणि मरणाऱ्या दुर्योधनावर आकाशातून पुष्पवृष्टी होते. १८९५मध्ये जेझुइट डालमन उलट बाजूने उभा राहिला. हा धर्मशास्त्रासह एकसंध रचलेला ग्रंथ आहे, असं त्याने मांडलं. अमेरिकेच्या हॉपकिन्सने १९०१ साली मधला रस्ता काढला: इ. स. पू. ४०० ते इ. स. ४००, हळूहळू वाढ. आजही पाठ्यपुस्तकांत बहुधा हेच असतं.

बंगालात बंकिमचंद्रांनी ‘कृष्णचरित्र’ लिहिलं, १८८६ला, आणि १८९२ला वाढवून. पाश्चात्त्यांवर त्यांनी भरपूर तोंडसुख घेतलं आणि मग हत्यार त्यांचंच उचललं. महाभारतात तीन थर आहेत, पहिला एका थोर कवीचा, पुढचे उतरत्या दर्जाचे. आपल्याला न पटणारा कृष्ण बहुधा खालच्या दर्जाच्या थरात सापडतो, ही सोय त्यात आहेच. मराठीत चिंतामणराव वैद्यांनी जय, भारत, महाभारत आणि व्यास, वैशंपायन, सौती अशी तीन पायऱ्यांची मांडणी रुजवली. इतकी, की ती शाळेत शिकलेलं सत्य म्हणून आपण सांगतो. टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या बहिरंगपरीक्षणात गीता आणि महाभारत एकाच हातचं असल्याचा दावा केला. तुरुंगात लिहिलेल्या ग्रंथात एवढी संदर्भांची उलथापालथ कशी केली असेल, हे मला अजून कोडं आहे.

वैद्यांच्या पायऱ्यांना ग्रंथात आधार आहे, पण दिसतो तेवढा नाही. उपाख्यानांशिवाय चोवीस हजार श्लोकांची भारतसंहिता, असा उल्लेख आदिपर्वात खरोखरच आहे. कोणी मनूपासून, कोणी आस्तीकापासून, कोणी उपरिचरापासून भारत सांगायला सुरुवात करतात, हेही ग्रंथच सांगतो. असं प्रांजळ आदिपर्व तोराला लाभलं नाही. पण ‘जय’ म्हणजे ८,८०० श्लोक, हा आकडा जिथून घेतात तिथे बोलणं चाललंय ते कूटश्लोकांचं, ग्रंथाच्या आकाराचं नाही. आणि तो सगळा प्रसंग, व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो तो, पुण्याच्या चिकित्सक आवृत्तीत मूळ संहितेत नाही. परिशिष्टात आहे.

पुणे. इथे जरा थांबायला हवं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हे काम हाती घेतलं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी त्यासाठी लाख रुपये देऊ केले होते. १९२५ला विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित, बर्लिनला संस्कृत, असा माणूस. त्यांनी तोरावाल्यांचा रस्ता सोडला. मूळ काव्य कसं असेल, कोण आधी आणि कोण मागून आलं, हे प्रश्न संपादनाच्या टेबलावरून खाली ठेवले आणि एकच विचारलं: आज हातात असलेल्या पोथ्या आपल्याला मागे कुठवर नेतात? पुण्याबाहेर तंजावरलाही पाठभेद नोंदवायचं काम चाललं, आणि इथे बंगालात शांतिनिकेतनलाही. उद्योगपर्व आणि द्रोणपर्व संपादले ते बंगालच्याच सुशीलकुमार दे यांनी. एकूण १,२५९ पोथ्या पाहिल्या गेल्या, १९ खंड, १३,०००हून जास्त पानं. सुकथनकर १९४३मध्ये गेले. मग बेलवलकर, मग परशुराम लक्ष्मण वैद्य, आणि १९६६ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते समाप्ती.

पद्धत समजायला सोपी आहे, करायला भयंकर. काश्मीरची पोथी आणि मलबारची पोथी एकमेकींना शतकानुशतकं भेटलेल्या नाहीत. त्या दोघींत एखादा श्लोक सारखा असेल, तर तो फाटा फुटण्याआधीचा. एकाच प्रांतात दिसतो, तो तिथे मागून शिरलेला. या चाळणीतून गणपती गळला. द्रौपदीने वस्त्रहरणाच्या वेळी केलेला कृष्णाचा धावा गळला. वस्त्रं येतात, कुठून ते ग्रंथ सांगत नाही. भर स्वयंवरात सूतपुत्र म्हणून कर्णाला तिने झिडकारलं, तेही तळटीपेत गेलं. त्यावर मराठीत किती नाटकं-कादंबऱ्या उभ्या आहेत! इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये याच संहितेचा आधार घेतला, म्हणून त्यातली माणसं इतकी उघडीवाघडी दिसतात.

ही चाळणी आपल्याला अगदी परकी नव्हती. शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पोथ्या ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि यापुढे कोणी यात स्वतःची ओवी घुसवू नये, असं बजावलं. सुकथनकरांनी जे १,२५९ पोथ्यांवर केलं, त्याचं बीज पैठणला होतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

सुकथनकरांनी एकदा मात्र स्वतःचा नियम मोडला. १९३६ साली त्यांनी दाखवलं, की भृगुकुळाच्या कथा महाभारतात प्रमाणाबाहेर आहेत: च्यवन, और्व, जमदग्नी, आणि परशुराम तर पुन्हापुन्हा. निष्कर्ष: भारताचं महाभारत करणारा हात भार्गवांचा. म्हणजे वेलहाउझेनचा ‘पी’ त्यांनाही सापडलाच, पुरोहितांचा थर. हा निबंध विलक्षण वाचनीय आहे, पण तो चाळणीने निघालेला नाही. भार्गवकथा सर्व पोथ्यांत आहेत. त्या मागून घातल्या म्हणायला पोथ्यांचा पुरावा नाही, फक्त ‘इतक्या का?’ हा प्रश्न आहे. पुढे गोल्डमन यांनी हा धागा पुढे नेला, हिल्टेबाइटल यांनी त्यावर शंका घेतली.

हिल्टेबाइटल यांचं २००१चं म्हणणं सर्वांना उलटं पाडणारं: हळूहळू वाढ वगैरे काही नाही. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या मध्यापासून पहिल्या शतकाच्या अखेरपर्यंत, एक-दोन पिढ्यांत, मिळून काम करणाऱ्या ब्राह्मणांच्या एका मंडळाने हे लिहून काढलं. वैशंपायन आणि सौती हे थर नाहीत, कादंबरीतल्यासारखी निवेदनाची युक्ती आहे. वाचक म्हणून मला हे भुरळ घालतं. पण मध्य आशियातल्या किझिलला सापडलेल्या सुमारे तिसऱ्या शतकाच्या एका हस्तलिखिताच्या तुकड्यांत महाभारताच्या पर्वांची यादी आहे, आणि तीत विराट आणि अनुशासन ही नावं दिसत नाहीत. सहाव्या शतकाच्या खोह ताम्रपटात ‘शतसाहस्री संहिता’ आहे. मधल्या तीनशे वर्षांत काहीच वाढलं नाही, असं मानायला मन तयार होत नाही.

२०१४ला अदलुरी आणि बागची यांनी जर्मन परंपरेवरच हत्यार उपसलं. त्यांचा आरोप असा, की प्रॉटेस्टंट पंडितांना पुरोहित म्हणजे भ्रष्टता हे आधीच ठाऊक होतं. तोरात त्यांनी ‘पी’ला दोष दिला, महाभारतात ब्राह्मणांना. आरोपात तथ्य आहे. कोणाला कोणता थर ‘मूळ आणि सुंदर’ वाटतो, हे पाहिलं की त्याचं घराणं ओळखू येतं. हे बंकिमबाबूंनाही लागू आहे. पण म्हणून सांधे नाहीसे होत नाहीत.

यंत्रानेही प्रयत्न झाले. हायफाचे यहुदा रद्दाय यांनी उत्पत्तीचा ग्रंथ संगणकाला घातला. १९८५ला निष्कर्ष निघाला की ‘जे’ आणि ‘ई’ वेगळे करता येत नाहीत. पुढच्याच वर्षी पुण्याच्या मधुकर यार्दी यांनी अनुष्टुभाच्या लघु-गुरूंची मोजणी करून महाभारतात अनेक शैली वेगळ्या दाखवल्या. एकाने हात कमी केले, दुसऱ्याने मोजून दाखवले. यंत्र तेच सांगतं जे मोजायला दिलं जातं, एवढं तरी यातून कळतं.

तोराचे धागे ज्या अज्ञात संपादकाने एकत्र गुंफले, त्याला अभ्यासक ‘आर’ म्हणतात. रोझेनझ्वाइग म्हणाला होता, की त्या ‘आर’चा अर्थ आम्ही ‘रब्बेनू’ घ्यावा, म्हणजे आमचे गुरू. जर्मनीत एका ज्यू तत्त्वज्ञाला हे सुचायला विसावं शतक उजाडावं लागलं. आपण संपादकाला गुरू करून कधीच मोकळे झालो होतो. व्यास म्हणजे विभागणी करून मांडणारा. वेद त्यांनी रचले नाहीत, लावले. मोशेसारखेच तेही स्वतःच्या ग्रंथातलं एक पात्र आहेत, पण मोशे स्वतःच्या ग्रंथात मरतो, व्यास मरत नाहीत. अडलं की येतात, चार शब्द सांगतात, निघून जातात. ज्याचं काम संपलेलं नाही अशा माणसासारखे.

हे सगळं माशीमांना सांगायचा मोह एका संध्याकाळी आवरला नाही. सगळं नाही, एवढंच सांगितलं, की पुण्याच्या पंडितांनी हजारावर पोथ्या पाहिल्या आणि गणपतीला बाहेर काढलं. त्यांनी फडताळातली पोथी खाली घेतली. आतल्या पानावर चित्र होतं: दाढीवाले व्यास हात वर करून सांगतायत, समोर गणपती मांडी घालून लिहितोय. त्यांनी चष्मा लावून ते नीट पाहिलं. मग विचारलं, ‘तो निघून गेला, तर लिहून कोणी घेतलं?’